तीन खुर्च्यांचं चित्र

२ जून

आले बाई एकदाची! तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीतून भरपूर ऊन, आणि घरात माझ्याशिवाय चिटपाखरू नाही. आज सोळा वर्षांनी खुर्चीवर बसून गरम गरम जेवले. त्या घरात माणसं चार आणि खुर्च्या तीन होत्या. नवरा, सासूबाई आणि माझी चिऊ बसायची, मी स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभी. चौथी खुर्ची आणावी असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि मागायला माझी जीभ रेटली नाही.

चिऊ वीस तारखेला दोन दिवस राहायला येणार आहे. कुणाकडे राहायचं ते तिनेच ठरवायचं, असं आमचं ठरलंय. तेरा वर्षांची आहे, तिला कळतं. फोनवर तिला सगळं घर दाखवलं तर म्हणाली, आई, हे घर आहे का दवाखाना? खरंच आहे तिचं. भिंती नुसत्या पांढऱ्याफटक. चित्रं लावायला हवीत.

५ जून

चित्रांच्या मोठ्या दुकानात गेले होते. तिथल्या बाईने आधी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि मग किंमत सांगितली. निमूट बाहेर पडले.

मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानामागच्या गल्लीत एक फ्रेमवाला सापडला. बुटका, शांत, बोटांना सरस चिकटलेला. भिंतभर हाताने रंगवलेली चित्रं. अंगणं, खोल्या, जिने. माणूस मात्र एकाही चित्रात नाही. पैसे नकोत म्हणाला. जुन्या लाकडाची फ्रेम आतल्या फोटोसकट आणून द्यायची आणि चित्र न्यायचं. अट एकच, फ्रेम उघडायची नाही. आत जे असेल ते त्याचं.

फ्रेमा माझ्याकडे दोन आहेत! सामान बांधणाऱ्यांनी बैठकीच्या भिंतीवरचे फोटोही माझ्याच खोक्यात कोंबले. एक सासूबाईंचा, एक नवऱ्याच्या बढतीचा. सासूबाईंना फ्रेमवर खर्च करणं जिवावर यायचं. नवा फोटो आला की म्हणायच्या, नवीन फ्रेम कशाला, यातच बसव. की बसला तो जुन्याच्या डोक्यावर.

पहिला मान अर्थात त्यांचा. त्यांचा फोटो देऊन अंगणाचं चित्र आणलं. घासाघीससुद्धा केली नाही.

८ जून

अंगणात बाई आहे. पाठमोरी, अंबाडा घातलेली, काहीतरी निवडत बसलेली. आणलं तेव्हा नव्हती, असं मला वाटतं. दुकानात जाऊन डोळे तपासून घेतले. नंबर वाढलेला नाही.

संध्याकाळी चिऊचा फोन आला. आजी कशी आहे विचारलं, तर म्हणाली, कुठली आजी? बाबांची आई तर बाबा लहान असतानाच गेली ना! मला वाटलं थट्टा करतेय. नवऱ्याला फोन द्यायला सांगितलं. त्यानेही तेच सांगितलं, वर माझ्या डोक्याचा इलाज करून घ्यायला सांगितलं.

फोन ठेवला आणि खूप वेळ त्या अंबाड्याकडे बघत बसले. घाबरायला हवं होतं. मला हसू येत होतं. खोटं कशाला लिहू?

१० जून

बढतीचा फोटो देऊन आले.

मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. पूर्ण विश्वास बसला नव्हता, पण बसला असता तरी दिलाच असता. तो नसेल तर चिऊ माझीच. तिला काही ठरवावंच लागणार नाही. फ्रेमवाल्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, हो.

बदल्यात जेवणाच्या खोलीचं चित्र आणलं. लांब टेबल, तीन खुर्च्या. मी, चिऊ आणि येईल तो पाहुणा. बघताक्षणी मनात भरलं.

१२ जून

तो बसलाय. मधल्या खुर्चीवर, कोपर टेबलावर टेकून, जेवणाची वाट बघत. सोळा वर्षं हेच बघितलं. त्याच्याकडे बघून जीभ काढून दाखवली.

चिऊचा फोन लागत नाही. हा नंबर अस्तित्वात नाही म्हणे. नंबर त्याच्या नावावर होता, म्हणून असेल. उद्या शाळेत जाते.

१३ जून

शाळेत अशी मुलगी नाही. हजेरीचं पुस्तक स्वतः पाहिलं. तिच्या आधीचं नाव आहे, नंतरचं आहे. तिच्या मैत्रिणी माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघत होत्या.

घरी आले. चित्रात डावीकडच्या खुर्चीवर वेणी दिसते. माझ्या हातची, एका बाजूला जरा सैल.

पण मी तिचा फोटो दिलाच नव्हता. मी फक्त —

१४ जून

आठवलं.

ती फ्रेम मुळात तिचीच होती. चौथ्या दिवशीचा फोटो, दुपट्यात गुंडाळलेली, मुठी मिटलेल्या. त्याला बढती मिळाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, नवीन फ्रेम कशाला — आणि मीच, माझ्या या हातांनी, त्याचा फोटो तिच्यावर बसवला. खिळेसुद्धा मीच ठोकले.

आत जे असेल ते त्याचं.

१५ जून

फ्रेमवाल्याच्या पाया पडले. दिलेलं परत मिळत नाही म्हणाला. चिडला नाही, हसलाही नाही. पण एक होईल. ते चित्र त्याला परत करायचं आणि माझा स्वतःचा फोटो देऊन पुन्हा तेच घ्यायचं. ज्या चित्राच्या बदल्यात फोटो, त्याच चित्रात माणूस.

उजवी खुर्ची रिकामी आहे. अगदी तिच्या शेजारी नाही, पण समोर. मला दिसेल ती.

१६ जून

दिला. कामावरच्या ओळखपत्राचा फोटो. माझ्याकडे फ्रेम नव्हती. त्याने कोपऱ्यातून एक काढली, पुसली आणि म्हणाला — नवीन कशाला, यातच बसवतो.

माझं लक्ष नव्हतं. मी चित्राकडे बघत होते. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही की ती फ्रेम —

सासूबाईंची —

१७ जून

आरशात फक्त भिंत दिसते. बरं झालं. चिऊ, आले गं.

अंगणाच्या चित्रात आता कुणी नाही.

१७, दुपार

उजवी खुर्ची — अंबाडा — त्या बसल्या. ताट पुढ्यात ओढून घेतलं.

तिन्ही खुर्च्या भरल्या.

मी दारात. चिऊ पाठमोरी आहे, तिचं तोंड दिसत नाही इथून — चिऊ, मागे बघ ना, एकदाच — लिहिता येत नाही, हातात पेन नाही, डाव आहे — त्या म्हणतायत, उभी काय राहिलीस, वाढ ना गं —