वाढत्या अंगाचं माप

प्रिय माऊ,

तू ठकीसाठी केलेल्या खोलीचे फोटो पोचले. पोचले कसले, तुझ्या लेकीने माझ्या हातातून फोन ओढून आधी तिनेच पाहिले. आईने भिंतीवर ढग काढलेत म्हणून ठकी दिवसभर शेजारीपाजारी सांगत फिरली. मासिकातल्या त्या महागड्या खोलीची तू हुबेहूब नक्कल केलीस, तीही जुन्या कपाटाच्या फळ्या आणि फळवाल्याच्या खोक्यांतून! जावईबापू बोटीवर, तू आठवडाभर नव्या नोकरीत आणि सुट्टीच्या दिवशी हातात ब्रश. कौतुक वाटलं गं. आणि भीतीही वाटली. का, ते फोनवर मला बोलता येणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. माझं बोलणं म्हणजे रिळाचा गुंता, टोक सापडेपर्यंत धीर धर.

त्या खोलीचे पडदे शिवून झाले का, असं तू तिसऱ्यांदा विचारलंस. पहिल्यांदा मी म्हणाले मशीनचा पट्टा तुटला, दुसऱ्यांदा म्हणाले अस्तर मिळत नाही. त्यावर येतेच, पण आधी जुनं काहीतरी सांगू दे.

तुझे बाबा गेल्यावर तुला मामा-मामीकडे ठेवून मी या गावात आले आणि त्या डेकोरेटरबाईकडे पडदे शिवायला लागले. तू तेव्हा सहा वर्षांची. एका घरी पडदे टांगायला गेले, तर त्यांच्या मुलीची खोली अशी, की मी दारातच थबकले. छपराचा पलंग, पिस्त्याच्या रंगाच्या भिंती, कोपऱ्यात कापडी तंबू. मालकीणबाई चहा आणायला वळल्या, तेवढ्यात मी गळ्यातली टेप काढून पलंग मोजून घेतला. चोरच म्हण मला! त्याच दिवशी ठरवलं, माझ्या माऊला आणीन तर अशाच खोलीत आणीन.

मग काय विचारतेस! पडद्यांचे उरलेले तुकडे जोडून तंबू शिवला. रंगाऱ्याकडचे तळाला गेलेले डबे एकत्र ओतले, तर पिस्ता राहिला बाजूला, शेवाळलेल्या हौदासारखा रंग झाला. त्यावर पुन्हा पांढरा, पुन्हा हिरवा. पलंगासाठी सुतारकाकांच्या इतकी मागे लागले, की मला लांबून पाहिलं तरी ते मागच्या दाराने सटकायचे. तू फोनवर विचारायचीस, मी कधी येऊ. मी म्हणायचे, खोली झाली की लगेच. पलंगाचं छप्पर राहिलंय, ते झालं की. दिवा राहिलाय, तो झाला की. पुढे पुढे तू विचारायचंच सोडलंस आणि मला वाटलं, पोर शहाणी झाली.

खोली झाली तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. दारात उभी राहून छान आहे म्हणालीस आणि चप्पल कुठे काढू ते विचारलंस. नंतर कितीतरी दिवस पाणी पिऊ का, हेसुद्धा विचारून प्यायचीस, पाहुणीसारखी. सकाळी उठवायला यावं तर तू गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. थंडी वाजत असेल म्हणून मी वर पांघरूण घालायचे. चांगले आठ महिने घालत होते. मग एकदा चादर बदलताना डोक्यात उजेड पडला, की पलंग तुला पुरतच नाही. लोकांच्या पोरींचे फ्रॉक मी वाढत्या अंगाचे शिवत आले, खाली चार बोटं दुमड सोडून. आणि स्वतःच्या पोरीचा पलंग करून घेतला तो दुसऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तुझे दुधाचे दात पडले, तू सायकल शिकलीस, तुला गोवर आला, ते सगळं मामीने पाहिलं. मी इथे भिंतींना रंग देत बसले. मी तुझी कधी माफी मागितली नाही, आज मागते. माझं चुकलं, माऊ. फार चुकलं.

आता पडद्यांचं. मशीन ठणठणीत आहे आणि अस्तर कपाटात आहे. पडदे झाले की खोली होणार, खोली झाली की ठकी जाणार, म्हणून मी कापडाला कात्रीच लावली नाही. या घरात तिची बडबड नसली तर मी काय करू, एवढाच माझा स्वार्थ. इतकं भोगूनही मी सुधारले नाही बघ. आणि मागच्या फोनला तू तिला म्हणालीस, खोली झाली की नेते हं. ती माझ्या मांडीवरच होती. मान हलवून हो म्हणाली. ती रोज सकाळी दात घासताना मला विचारायची, आई कधी येणार. काल तिने विचारलं नाही. आजही नाही. म्हणून हे पत्र. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी तिला घेऊन येतेय. कापड तसंच पिशवीत घालून आणते, तिथे बसून दोघी शिवू, तोवर खिडकीला चादर टांग. पलंग झाला नसला तर ती तुझ्या कुशीत झोपेल, मला सतरंजी पुरते. पलंगासाठी तू तिची उंची विचारली होतीस, ती मी कळवत नाही. दारात उभी करून तूच मोज.

चुकार, पण तुझीच,
आई