रंगावर आवळलेली पट्टी

गुढियारी, रायपूर
३ ऑक्टोबर २००४

प्रिय देवीदास,

तीन वर्षांनी भाऊजीचं पत्र पाहून तू पाकीट उलटंपालटं करून पाहशील, कोणी गेलं तर नाही ना म्हणून. कोणी गेलं नाही. तुझी ताई ठणठणीत आहे, माझी पाठ तेवढी बोलून राहिली, आणि पूर्णिमा आठवीत गेली. पोट्टीले मराठी सगळं समजते, पण उत्तर देते हिंदीत. मी चिडलो की म्हणते, पापा, आप भी तो ग्राहक से हिंदी में ही लड़ते हो. आता हिच्या तोंडी कोण लागणार!

लिहायले बसलो त्याले कारण शालिग्राम. बीरगावचा तोच ड्रायव्हर, ज्याच्या जीपवरून आपलं वाजलं. मागच्या आठवड्यात सवारी घेऊन तो तुमच्या गोंदियाले आला होता. सांगत होता की देवीदास किराणा दुकानात साखर तोलून राहिला होता. समोर एक ट्रॅक्टर बंद पडला, कोणीतरी तुले हाक मारली, आणि तू म्हटलं, मले हे काम येत नाही. शालिग्रामनं हसत हसत सांगितलं, पण मी भरल्या ताटावरून उठलो. अकरा वर्षं माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात राबलेला, नुसता आवाज ऐकून सेल्फ-स्टार्टरचा रोग सांगणारा पोट्टा म्हणते, काम येत नाही! काहून रे असं?

थांब, आधी दुकानाची खबर सांगतो. मनातलं एकदम सांगायची मले सवय नाही, तुले माहीत आहे. विश्वकर्मा पूजा झाली आणि दोनच दिवसांनी उरल्याच्या कारखान्यातला एक टिप्पर आला. हॉर्न दाबला की हेडलाइट मंद, इंडिकेटर दिला की मागचे सगळेच दिवे लुकलुकतात, सेल्फ मारला तर नुसतं टिकटिक. मालकानं नवी बॅटरी टाकली, डायनमो बदलला, दोन मिस्त्री करून झाले. मी काही खोललं नाही. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाले एक जाड वायर लावली आणि सेल्फ मारायले सांगितला. पहिल्याच झटक्यात सुरू! मंग खाली शिरून इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थिंगची पट्टी खोलली. पट्टी चांगली, तांब्याची, विणलेली. पण तिच्याखाली पूजेचा ताजा चंदेरी रंग. बॅटरीतून निघालेल्या करंटले परत बॅटरीत जायले वाट लागते, ती वाट म्हणजे ही पट्टी. मधात रंग आला की वाट बंद. मंग करंट जिथून जमन तिथून घुसते आणि रोग दिसते भलतीकडेच. लोखंड चमकेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला, अर्ध्या घंट्यात टिप्पर परत उरल्याले.

आपल्याकडे ही चूक दर सालची. पूजेले गाडी नवरीसारखी दिसली पाहिजे म्हणून चेसिसलेही रंग मारायचा, पट्टी खोलून तिच्या जागेवरही कुंचला फिरवायचा, आणि नारळ फोडायच्या घाईत ओल्या रंगावरच बोल्ट आवळून टाकायचा. आता मी पूजेच्या आधी सगळ्या ड्रायव्हर लोकाइले बजावून सांगतो, बाकी गाडी सोन्याची करा, पट्टीखालची जागा उघडी ठेवा. हव भैया म्हणतात आणि करायचं तेच करतात.

तुले आता समजलंच असन मी कुठं येऊन राहिलो. तू गेला तेव्हा रायपूर राजधानी होऊन वर्षही झालं नव्हतं. रोज एक नवं ऑफिस उघडे, रोज कोणाच्या तरी किरायाच्या जीपले लाल दिवा पाहिजे, आणि आपल्याले जेवायले फुरसत नव्हती. शालिग्रामच्या जीपले दिवा आणि मोठा हॉर्न तू लावला. काय सफाईचं वायरिंग होतं ते! त्याच हप्त्यात पूजा झाली, आणि पूजेच्या चौथ्या दिवशी सरकारी साहेब बसलेले असताना जीप घडी चौकात बंद पडली. अॅक्सिलरेटरची तार तापून धूर निघाला. शालिग्राम बोंबलतच दुकानात आला. चहाच्या टपरीवर पंधराएक माणसं उभी होती. तू एवढंच म्हटलं, भाऊजी, एकदा खालून पाहू द्या. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याले, सगळ्यांदेखत बोललो की गाडी खालून नाही, तुझ्या डोक्यातून बिघडली आहे. तेवढ्यावरही थांबलो नाही. तुझ्या हाताले यशच नाही म्हटलं. तुझं सगळं वायरिंग ओरबाडून रस्त्यावर फेकलं. तू हात धुतले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

तुझ्या ताईनं तेव्हापासून माझ्यापुढे तुझं नाव काढलं नाही. भाऊबीजेले ती चंद्राले ओवाळते आणि आत जाऊन पडते. जिले भाऊ नाही ती चंद्राले ओवाळते देवीदास, आणि हिले तर तू आहेस. मी दर साली ते पाहतो आणि दुकानात निघून जातो.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते. हे सगळं वाचून तुले वाटन की टिप्पर पाहून भाऊजीले आत्ता उजेड पडला. नाही. तू गेल्यावर मी त्या जीपचं वायरिंग नव्यानं केलं, आणि रोग जिथल्या तिथं. तू गेल्याच्या चौथ्या दिवशी दुकान बंद करून जीपखाली शिरलो. पट्टी खोलली, खाली चंदेरी रंग. पूजेच्या सकाळी त्या जीपले तो रंग मीच मारला होता आणि बोल्ट मीच आवळला होता. घासून परत लावला, जीप सुरू झाली. शालिग्रामले म्हटलं, पोट्ट्याचं वायरिंग काढून टाकलं म्हणून सुधरली. तीन वर्षं तेच म्हणत आलो. गुढियारीचा मोठा मिस्त्री ना मी, साळ्यासमोर मान खाली कशी घालणार? काल रात्री तुझ्या ताईले सांगितलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, मले काहून सांगता, त्याले सांगा. आज सकाळी त्याच टपरीवर जाऊन सांगितलं. दोघं हसले, एकानं विचारलं, कोण देवीदास? बूंद से गई वो हौद से नहीं आती, हे मले समजते, म्हणून माफी मागत नाही, आणि परत ये म्हणायचं तर माझं तोंडही नाही. पण काम येत नाही असं कोणाले सांगू नको. तुले काम येते. तुझ्या हातात खोट नव्हती, आणि हे मले चौथ्याच दिवशी माहीत होतं.

तुझाच भाऊजी,
नरहरी