‘लीव्ह’चा खण

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय कोशकार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डॉक्टर म्हणतात, डोके ठिकाणावर आहे. आज सकाळपासून मला तशी खात्री नाही. राहते घर कोशमंडळाला देणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. भिंग प्रकाशकांना. ‘लीव्ह’ या एका इंग्रजी शब्दाला एवढे अर्थ कशाला, असे त्यांनी मला भर बैठकीत विचारले होते. सोडणे, निघून जाणे, रजा, परवानगी, मागे ठेवणे, मृत्युपत्राने देणे. एकही गाळू नये. दिसत नसतील तर भिंग लावावे.

२. राहते घर धाकट्या बहिणीला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

आमची पद्धत अशी: कार्डावर अर्थ मी लिहायचा, खाली उदाहरणाचे वाक्य तिने घालायचे, मग कोपऱ्यात मी ‘वाचले’ असा शिक्का मारायचा. तिची वाक्ये मी कधीच वाचत नसे. तिच्या कामावर माझा डोळे झाकून विश्वास आहे, असे चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

आज छपाईपूर्वी ‘लीव्ह’चा खण काढला. कार्डे एकोणीस वर्षांपूर्वीची. ‘रजा’खाली तिचे वाक्य: “दादा, मला या घरातून कायमची रजा हवी आहे.” ‘परवानगी’: “बाइंडरनी मला मागणी घातली आहे, तुझ्या परवानगीशिवाय मी हो म्हणणार नाही.” ‘निघून जाणे’: “तोंडाने विचारायचा धीर होत नाही, पण मला निघून जायचं आहे.” ‘मागे ठेवणे’: “तुझ्या गोळ्यांच्या वेळा लिहून मागे ठेवीन.” चारही कार्डांवर माझा शिक्का, सरळ आणि ठसठशीत. मी ती कार्डे उचलली.

स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, “अगं, मी हे वाचलंच नव्हतं.”

ती ताट पुसत होती. “शिक्का तर मारला होतास,” म्हणाली, आणि तेच ताट पुसत राहिली.

म्हणजे एवढी वर्षे ती समजत होती की मी वाचले आणि गप्प बसून नकार दिला. तरी रोज माझ्यासमोर बसून वाक्ये घालत होती. मला स्वतःची शिसारी आली.

३. वरील कार्डांवर मागितलेल्या रजेसाठी तिने माझ्या मरणाची वाट पाहू नये. जायचे असेल तर आजच जावे. गोळ्यांच्या वेळा मला वाचता येतात.

४. शिक्का कोणालाही मिळणार नाही. तो मी हातोडीने फोडला आहे.

साक्षीदार पहिले: शेजारचे डॉक्टर. सही झाली.

साक्षीदार दुसरे: बाइंडर. अजून एकटेच राहतात. आमचे खंड तेच बांधतात आणि इतकी वर्षे दारातूनच देऊन जातात. आज निरोप धाडून बोलावले. त्यांनी मजकूर दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “त्या आहेत का घरात?” मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. ते परत येईपर्यंत त्यांच्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे.

स्थळ: कार्डांची खोली. दिनांक: खण उघडला तोच.

वरील प्रत्येक ओळ मी स्वतः वाचली आहे.

(सही) कोशकार