कोरा पेपर

३ मार्च

चि. धाकटे, अ. उ. आ.

तुझी भाची गणिताचा पेपर कोरा देऊन आली. बाईंनी बोलावून दाखवला. वर तिचंच नाव, तिचंच अक्षर, खाली काही नाही. ना आजारी होती, ना रडली. एरवी भिंगरीसारखी गरगरणारी पोर शांत बसून होती म्हणे. तू कंपनीसाठी बनवलेल्या ॲपवरच्या गणिताच्या सरावात तर तिच्या रोज हिरव्या खुणा! मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांनी पहिली पायरी दाखवलीच नाही."

मला काही सुधरेना. पुढच्या आठवड्यात पेपर पुन्हा घेणार आहेत. तोही असाच गेला तर तिला त्याच वर्गात पुन्हा बसावं लागेल. शहाणे, तूच सांग काय ते.

माया आहेच, उत्तराला उशीर नको.
तुझी ताई

६ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

चूक माझ्या सरावातच आहे. मूल जरा अडलं की पुढची पायरी आपोआप उघडते. कुणी रडू नये म्हणून ते मीच करून घेतलं होतं.

आज सराव करणारी काही मुलं ऑफिसात आली होती. मी स्क्रीन बंद करून कोरे कागद दिले. सगळी माझ्याकडे बघत बसली. किती शहाण्यासारखी, ताई. कुणी पेन्सिलसुद्धा उचलली नाही. साहेब आधी म्हणाले, घरच्या एका पोरीवरून काम थांबवतेस का? त्यांना त्या खोलीत नेलं, ते कोरे कागद दाखवले. शाळांना हा सराव द्यायचं त्यांनी तूर्त थांबवलंय.

भिंगरीचा सराव बंद कर. गणित दे आणि तू उठून जा. जवळ बसलीस तर तुला बोलल्याशिवाय राहवणार नाही.

रागाव हवं तर, पण अबोला धरू नकोस.
तुझी धाकटी

१४ मार्च

चि. धाकटे, अ. उ. आ.

उठून जायचे, पण कान तिकडेच. पहिले दोन दिवस तिने नुसतं खोडरबर कुरतडलं. तिसऱ्या दिवशी रडली. मी ओटा घट्ट धरून उभी राहिले, गेले नाही.

काल पेपर मिळाला. पहिलं गणित साफ चुकलंय, दुसरं अर्धवट. जेमतेम पास झाली. पण एका गणिताला तिने भलतीकडूनच सुरुवात केली आणि उत्तर बरोबर आलं. बाई म्हणाल्या, ही रीत मी शिकवलेलीच नाही. मी चाटच पडले. हे तुला कुणी सांगितलं, असं मी घरी तिला विचारलं.

"कुणी नाही," म्हणाली, "तिथे कुणीच नव्हतं."

जिव्हाळा असाच राहू दे.
तुझी ताई