जागा दाखवणार नाही

३ फेब्रु., सोम.
तलाठी येऊन गेला. रस्त्यात जाणाऱ्या सोनपेठच्या रानाचा पंचनामा. त्यात विहीर आली, लिंबाची झाडं आली, बंद पडलेली मोटर आली. आमचे हे आले नाहीत. "बाई, समाधी तर कुठंच दिसंना. बांधकाम न्हाई तर लिहू काय?"
ह्यांनीच बजावलं होतं, वर ओटा नको, पीक घ्या. घेतलं. यंदा हरभरा आहे.

१० फेब्रु.
हरकतीची सुनावणी. साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. सांगितलं, आम्ही लिंगायत. जाळत नाही, बसवून माती देतो, आपल्याच शेतात. माझा नवरा आहे तिथे.
"सहानुभूती आहे, मॅडम."
कोणत्या कलमाखाली? कारकून हसला. साहेब हसले नाहीत.
'हरकत फेटाळली' हा कागद आतून तयारच आला. कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, स्वच्छ इंग्रजीत लिहा, कुणी टाळू शकत नाही. माझ्या चार पानांची घडीसुद्धा मोडली नाही.

१४ फेब्रु.
बसवंतभाऊजी आले. धाकटे दीर. "वैनी, समद्यांनी सह्या केल्या. रोड काय तुमच्यासाठी वाकडा व्हायलाय?"
म्हटलं, पुढाऱ्याच्या पेट्रोल पंपापाशी बरा वाकडा झाला!
भाऊजी म्हणाले, "दादाला मीच हातानं खाली उतरवलं हो." पण मधला बांध मोडून रान एक केलं, तेव्हापासून नेमकी जागा त्यांनाही सांगता येत नाही. आता फक्त मला.

१७ फेब्रु.
वकील. स्थगिती अवघड, म्हणे. ताबा कागदोपत्री गेल्या महिन्यातच घेतलाय. हरभरा माझा, ताबा त्यांचा. पोस्टात उभी हयात काढली, पत्ता न बघता टपाल टाकलं असतं तर मला मेमो मिळाला असता. त्या साहेबांना कोण देणार?

२० फेब्रु.
साहेबांचा निरोप. जागा दाखवा, सन्मानाने दुसरीकडे हलवू.
मठात जाऊन स्वामींना विचारलं. "अक्का, एकदा बसवलेल्याला उठवत नसतात." पुढे काय करायचं, ते त्यांनीही सांगितलं नाही.
दाखवलं तर फावडं. नाही दाखवलं तर डांबर.

२३ फेब्रु., रवि.
उद्या मशीन येणार. पोलीस उचलेपर्यंत रानात बसणार आहे. भाऊजी म्हणाले, "मीबी येतो, वैनी." सही करून मोकळे झालेत, तरी येतायत.
पण बसायचं कुठे? ह्यांच्यापाशी बसले, तर तीच जागा, हे आंधळ्यालाही कळेल. लांब बसले, तर मशीन ह्यांच्यावरून