चौऱ्याऐंशीवी खोबण

३ तारीख, सोमवार

पोहोचलो एकदाचे! दुपारी दोनला सामानाची गाडी दारात लागली आणि ही गाडीतूनच ओरडली, शिवणाचं मशीन आडवं ठेवलंत तर आजपासून अबोला. दोघा हमालांनी ते उभंच उतरवलं, उभंच लोखंडी जिन्यानं वर नेलं. खाली वर्कशॉप, वर आमच्या दोन खोल्या. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. खोल्या लहान आहेत, पण उजेड भरपूर.

संध्याकाळी हिनं दोन्ही हातांची बोटं मोजत मला कामं सांगितली. पडद्याची दांडी, नळाचा वॉशर, मोरीची जाळी... दहाही बोटं संपली तरी कामं संपेनात. शेवटी डाव्या करंगळीचं लांब नख माझ्या कपाळावर टेकवून म्हणाली, लक्षात राहील ना? त्या नखानं ती उसवलेला दोरा ओढते, म्हणून बाईसाहेब ते कधी कापत नाहीत. ही वहीही तिनंच दिली. माझ्या डोक्यात काही टिकत नाही, निदान कागदावर तरी टिकावं म्हणून.

४ तारीख, मंगळवार

खालचं करवतीचं मशीन पाहिलं आणि खूष झालो. बिडाचं टेबल, हात फिरवला तर आरशासारखं. आणि खोबण पाडायची पात्यांची चळत! बाहेरून दोन गोल पाती, त्यांच्यामध्ये दोन दोन दातांची चार. प्रत्येक पातं तीन मिलिमीटरचं. सगळी एकत्र चढवली की एका फटक्यात अठरा मिलिमीटरची खोबण, तळ सपाट, कडा काटकोनात. पटाशीनं खोबणी कोरत माझी निम्मी हयात गेली. आता मजा आहे.

मालक भला माणूस दिसतो, बोलतो मात्र भराभर. एका शाळेच्या वाचनालयाची कपाटं करायची आहेत. बारा उभ्या फळ्या, प्रत्येकीत सात खोबणी.

एक गंमत लिहायची राहिली. मशीनमागच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलंय, "खोबण रिकामी ठेवून जाऊ नये." आधीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं अक्षर. मालक म्हणाला की म्हातारा काम संपवून जाताना प्रत्येक खोबणीत लाकडाची पट्टी बसवायचा, चुकून कधी विसरला नाही, तुम्हीही तेवढं करा. पट्ट्यांचं खोकं बाजूलाच आहे. दमट हवेत खोबण आवळते, म्हणून करत असेल. माझं काय जातंय?

६ तारीख, गुरुवार

अठ्ठावीस खोबणी झाल्या. आडवी फळी खोबणीत फार घट्ट जात होती, म्हणून पात्यांमध्ये कागदासारखी पातळ पितळी चकती घातली. आता फळी अशी बसते की हातानं दाबली की आत, आणि उलटी धरली तरी पडत नाही. हिला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं. म्हणाली, एवढं कौतुक मी शिवलेल्या काजाचं कधी केलं नाहीत. बरोबर आहे तिचं.

जाताना सगळ्या खोबणींत पट्ट्या घातल्या.

८ तारीख, शनिवार

सगळ्या चौऱ्याऐंशी झाल्या! पण पट्ट्या निघाल्या त्र्याऐंशी. खोकं उपडं केलं, टेबलाखाली शोधलं, नाही म्हणजे नाही. नवी चिरायची तर चळत उतरवून एकटं पातं चढवायचं, माप लावायचं, अर्धा तास जाणार. ही केव्हाची तयार होऊन जिन्यात उभी. सहाला फिरायला निघायचं ठरलं होतं आणि साडेसहा वाजत आले होते. अकरा नंबरच्या फळीतली खालून तिसरी खोबण तशीच राहिली. एका खोबणीनं काय आभाळ कोसळतंय!

फिरून आलो. हिनं नव्या गावातल्या सगळ्या दुकानांची परीक्षा घेतली, एकही पास झालं नाही.

९ तारीख, रविवार

दिवसभर आराम. हिच्या डाव्या करंगळीला मुंग्या आल्यात, म्हणून दोरा दातानं तोडत होती. मी म्हटलं, नखाला सुट्टी दिली वाटतं. हसली, पण बोट चोळत राहिली.

१० तारीख, सोमवार

सगळं नीट, क्रमानं लिहितो.

सकाळी खाली गेलो तर ती राहिलेली खोबण भरलेली. पट्टी घातलेली नाही, भरलेली. नखाला कड लागत नव्हती. फिकट, बिनरेषांचं लाकूड, हात ठेवला तर कोमट. मालकानं चेष्टेत काहीतरी भरलं असेल असं वाटलं. विचारलं तर म्हणाला, किल्ली तुमच्याकडेच होती. पटाशी चालेना. म्हटलं, चळत चढलेलीच आहे, त्याच मापानं पुन्हा काढू. फळी पात्यांवरून ढकलली. भुसा उडाला नाही, ओलसर गोळे पडले. आणि वरून ही किंचाळली.

मशीन बंद करून जिना कसा चढलो आठवत नाही. ती शिवणाच्या मशीनपाशी डावा हात धरून बसली होती. रक्त नाही. जखम नाही. करंगळी नाही. तिथे गुळगुळीत कातडी, पॉलिश पेपर मारल्यासारखी.

डॉक्टरनं हात उलटापालटा करून पाहिला आणि मला विचारलं की जन्मापासूनच असं असताना आज अचानक का आणलंत. मी त्याच्या टेबलावर हात आपटला. हिनंच मला बाहेर ओढलं.

११ तारीख, मंगळवार

खाली गेलो नाही. तिच्याजवळ बसून राहिलो. लग्नाचा फोटो काढला. फोटोत हिच्या डाव्या हाताला चार बोटं आहेत. मी त्या दिवशी तो हात हातात धरला होता, पाच होती. देवाशप्पथ पाच होती.

दुपारी ती म्हणाली, आधीपासून असंच होतं ना हो? मी ही वही उघडून पहिल्या दिवसाचं पान पुढे केलं. दहाही बोटं संपली. लांब नख. तिनं दोनदा वाचलं. मग हात पदराखाली घेतला.

१२ तारीख, बुधवार

मी गाढव आहे. सोमवारी घाईत वर धावलो तेव्हा ती खोबण पुन्हा उघडी राहिली. दोन दिवस उघडी होती. आज पाहिली तर भरलेली, आणि या वेळी कोमट नाही, गरम. तळहात ठेवला तर आत काहीतरी ठोका देतंय.

वर आलो. ही ठीक आहे. फक्त म्हणते की अंगभर मुंग्या येतायत. आणि संध्याकाळी मालक जिन्यात भेटला, सहज म्हणाला की मिस्त्री, एकटे राहता, जेवणाखाण्याचं कसं करता. ही माझ्या शेजारी उभी होती. त्याच्या समोर. हातभर अंतरावर.

१३ तारीख, गुरुवार

मालकाकडून पत्ता घेऊन म्हाताऱ्या मिस्त्रीला गाठलं. गावाबाहेर एक खोली. दोन खुर्च्या, दोन कप, राहणारा एकटा. भिंतीला एक जुनी फळी टेकवलेली, तिच्यातली एक खोबण बुजलेली. म्हाताऱ्यानं माझं सगळं ऐकलं, मग गादीखालून एक कागद काढला आणि दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं वाचून दाखवलं. रिकामी खोबण, ती कापणाऱ्याच्या जवळच्या माणसानं भरते. पहिल्यांदा थोडंच घेते. तेवढं कापून काढून ती पुन्हा रिकामी ठेवली, तर आख्खं माणूस घेते. भरलेली फळी जपली तर माणूस अंधुक का होईना, राहतं. कापली की संपलं. आणि खाली लिहिलं होतं, माझी बायको या फळीत आहे.

मी विचारलं, काका, त्या कुठे आहेत आता? त्यानं कागदावर बोट ठेवलं. म्हणाला,

"अक्षर माझंच आहे रे. पण मला बायको होती, हे मला आठवत नाही."

मग मला म्हणाला की तुलाही विसरायला होईल, आठवडाभरात. म्हणून लिहून ठेव. लिहिलेलं समोर ठेव.

१४ तारीख, शुक्रवार

अकरा नंबरची फळी जुन्या चादरीत गुंडाळून वर आणली, पलंगाखाली ठेवली. मालकाला सांगितलं, ती फळी तडकली, दुसरी करून देतो. सोमवारी सकाळी गाडी बोलावलीय. फळी आणि हिला घेऊन हे गाव सोडायचं. नोकरी गेली खड्ड्यात.

हिला सगळं सांगितलं. तिचा आवाज आता पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा येतो. रडली नाही. म्हणाली,

"फळी कापायची नाही, एवढं मोठ्या अक्षरात लिहा. तुमचं काही खरं नाही, चिठ्ठी दिल्याशिवाय तुम्ही मीठसुद्धा आणत नाही."

मी हसलो आणि मग मला ते हसू आवरेना, आणि मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडलो. मांडी लागत होती अजून. लागत होती.

पलंगाखालची फळी कापायची नाही. तिच्यात माझी बायको आहे.

१५ तारीख, शनिवार

सकाळी एकच कप चहा केला. तिनं माझ्याकडे पाहिलं. लगेच दुसरा केला, पण आधी एकच केला होता —

हिचं नाव कागदावर लिहायला बसलो. पहिलं अक्षर — नंतर काय? माझ्या बायकोचं नाव. सात वर्षं — तिला विचारलं. तिनं सांगितलं. ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग म्हटलं. पुन्हा हलले.

वहीत मी सगळीकडे "ही" लिहिलंय. एकदाही नाव लिहिलं नाही. लाजेपोटी की सवयीनं, कसला मूर्ख मी — शिवणाच्या मशीनवर असेल, पावतीवर असेल — नाही. तिथे माझंच नाव आहे.

कापायची नाही. कापायची नाही.

१६ तारीख, रविवार

ती आहे. खिडकीपाशी आहे. उजेड तिच्यातून येतो. तिचा हात धरून ठेवलाय, उजव्या हातानं लिहितोय. झोपायचं नाही. डोळा लागला की थोडं थोडं — चार बोटं. मी मोजतोय. चार. पाचवं मी कापलं. माझ्या हातानं. लक्षात ठेव. उद्या गाडी. फळी न्यायची. हिला न्यायचं. फळी —

डोळे मिटू नको रे. मिटू नको —

१७, सोमवार

सकाळी गाडीवाला येऊन हॉर्न वाजवत होता. कशाला बोलावली कोण जाणे. परत पाठवला, शिव्या देत गेला.

खुर्चीत झोपलो होतो, डावा हात आखडलाय. मूठ उघडली तर रिकामी. डोळे का सुजलेत?

१८

कपाटं उद्या शाळेत जायची आहेत. मालक मागे लागलाय. एक उभी फळी कमी पडतेय आणि तसलं लाकूड शिल्लक नाही. शोधून शोधून पलंगाखाली सापडली, चादरीत गुंडाळलेली! कुठल्या वेड्याचं काम? अकरा नंबर. एक खोबण बुजलीय, बाकी फळी उत्तम.

खाली आणली. हात लावला तर ऊन. उन्हात नव्हती तरी —

वहीत मागे काहीतरी लिहिलंय. कापायची नाही. अक्षर माझंच. माझी बायको, म्हणे. मला बायको कुठाय? ताप होता बहुतेक मला. पण तेच पान मी पुन्हा पुन्हा का वाचतोय —

पाती चढवली. दोन बाहेरची, चार आतली, एक चकती. माप बरोबर आलं.

मालक दारात उभा, लवकर म्हणतोय.

वर शिवणाचं मशीन चालतंय. भराभर चालतंय, कुणीतरी हाका मारल्यासारखं. वर तर मी एकटाच राहतो. मशीन तरी माझं कशाला असेल, मला कुठे शिवता येतं —

एवढी एक खोबण मोकळी करतो आणि मग वर जाऊन बघतो, कोण