जानाईची पहिली ओटी

कोरेगाव, ५ मे २०२५

गं. भा. मंगलताईंस,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. काल भावकीतली मंडळी नावेतून धरणातल्या आपल्या जुन्या गावाला जाऊन आलो. गाव पाण्याखाली, पण जानाईचं टेकाड बेटासारखं वर राहिलंय. वर माणूस नाही, घाणेरीत पडकी जोती तेवढी. देऊळ मात्र शाबूत आहे. थोरल्या काकू म्हणाल्या, पहिली ओटी गावात जन्मलेल्या लेकीची. तशी कुणी नावेत नव्हती, म्हणून मला भरायला लावली. फोटो ग्रुपवर टाकलेत.

लोभ आहे तसाच राहू द्या.
आपली भावजय,
संयोगिता

मिरज, ९ मे

चि. सौ. संयोगितास,
आशीर्वाद.

फोटो पाहिले, म्हणूनच फोन उचलला नाही. तुझ्या हातातला हिरवा खण मी मोठा करकरून पाहिला. माझी नाळ त्या टेकाडावर पुरलीय. धनाजी तर गाव उठल्यावर कोरेगावात जन्मला. त्यानं बेट पाहिलं, त्याच्या बायकोनं माझी ओटी भरली आणि मी इथं पापड लाटत बसले. माझा नुसता जळफळाट झालाय, लपवत नाही. तशी कुणी नावेत नव्हती म्हणे! बोलावलं होतं कुणी?

आणि आजवर ‘ती.’ लिहायचीस, आता गं. भा. कशाला? तुझे दाजी गेले म्हणून मी जानाईची लेक राहिले नाही का?

लोभाचं नंतर बघू.
मंगल

कोरेगाव, १३ मे

ती. मंगलताईंस,
शि. सा. न. वि. वि.

गं. भा. काकूंनी शेजारी बसून लिहायला लावलं. तसं लिहिण्यात मान असतो म्हणाल्या. बोलावलं नाही, ते मात्र माझंच. विधवेचा हात ओटीला लागत न्हाई म्हणून त्यांनी तुम्हाला मागं उभं केलं असतं, ते मला बघवलं नसतं. पण तुम्हाला न विचारता मीच तुम्हाला मागं उभं केलं, हे तुमचं पत्र वाचून कळलं. फार वाईट वाटलं.

येत्या मंगळवारी पुन्हा नाव ठरवलीय. तुम्ही, मी आणि हे, बस. ओटी तुम्ही भरायची. मी मागं उभी राहीन.

रागासकट या, पण या.
तुमची,
संयोगिता

मिरज, १६ मे

चि. सौ. संयोगितास,
आशीर्वाद.

सोमवारीच येते. खण घेतला. तुझ्या फोटोशेजारी धरून पाहिला, माझा जास्त गडद आहे. मागं कशाला, शेजारी उभी राहा. पण नावेत पुढची फळी माझी, आणि या वेळी फोटो ग्रुपवर मी टाकणार. काकूंना पहिल्यांदा तोच दिसू दे.

लोभ पिशवीत घालून आणते.
जानाईची लेक,
मंगल